नानकटाईपासून बोरन्हाणाच्या केकपर्यंत : साखरेची सजावट घरच्या घरी

पुतण्याच्या पाचव्या वाढदिवसाला मी व्हिप्ड क्रीमच्या केकवर लाल साखरेची किनार काढली होती. जुलै महिना, ठाण्याचा पाऊस. दुपारी दोनला केक फ्रिजमध्ये ठेवला तेव्हा दाणा न् दाणा चमकत होता. संध्याकाळी सातला बाहेर काढला तर दाणे नव्हतेच, क्रीमवरून लाल ओघळ उतरले होते. पोरानं काळजीनं विचारलं, "काकी, केकला लागलंय का?"

साखर चांगली होती, रंग चांगला होता, क्रीमही नीट फेटलेलं होतं. चुकलं ते एवढंच, की क्रीममधलं पाणी साखरेनं ओढून घेतलं आणि त्यातच ती विरघळली. त्यानंतर कुठलीही साखरेची सजावट करताना मी आधी पाण्याचा हिशोब मांडते. साखरेत किती पाणी जातंय, ते बाहेर कसं काढायचं, आणि नंतर हवेतून किंवा केकमधून ते परत कसं शिरू द्यायचं नाही. रंगीत साखर असो, स्प्रिंकल्स (केकवर भुरभुरायचे साखरेचे रंगीत तुकडे) असोत की संक्रांतीचा काटेरी हलवा, हा हिशोब जमला की बाकीचं काम हाताच्या सवयीचं आहे.

हवेचंही तसंच. हवेतली आर्द्रता साधारण 85 टक्क्यांच्या वर गेली की साधी साखरसुद्धा हवेतलं पाणी ओढून ओलसर व्हायला लागते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात इतकी आर्द्रता नेहमीची. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या मैत्रिणीनं सांगितलेली "रात्रभर पंख्याखाली वाळव" ही कृती आपल्याकडे जुलैत फसते, आणि तीच जानेवारीत सुरेख जमते. शक्य असेल तर हे पदार्थ नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करून ठेवा, नीट वाळलेले आणि घट्ट झाकलेले असले की सहज चार-सहा महिने टिकतात.

रंगीत साखर

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी. सुरुवात हिच्यापासूनच करा.

दाणा मोठा हवा. वाण्याकडे साखर एस आणि एम अशा प्रतीत मिळते. एस म्हणजे बारीक दाणा, एम म्हणजे मध्यम. त्याहून जाड एल प्रतही असते, पण ती प्रत्येक दुकानात मिळत नाही. एम घेतली तरी काम उत्तम होतं. दाणा जितका मोठा तितके त्याचे पैलू मोठे, आणि चमक पैलूंवरून येते. साखर आधी रव्याच्या चाळणीनं चाळून घ्या आणि खाली पडलेला चुरा चहाला वापरा. हा चुरा राहिला तर रंग तोच आधी पितो, मग साखर मळकट दिसते आणि तिच्या गुठळ्या होतात.

200 ग्रॅम चाळलेली साखर कोरड्या काचेच्या बरणीत घाला. जेल रंग घ्या. पातळ रंगाच्या बाटलीत बहुतेक पाणीच असतं. जेल रंग टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच घेऊन बरणीच्या आतल्या भिंतीला लावा, थेट साखरेत टाकू नका. झाकण लावून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. मग साखर ताटात ओतून बोटांच्या पेरांनी चोळा, हातात पातळ हातमोजा असला तर बरं. रंग फिका वाटला तर पुन्हा तेवढाच घ्या. गडद रंग एकदम आणायला गेलं की हमखास ओल जास्त होते. पावडरचा रंग असेल तर अर्धा छोटा चमचा पाण्यात कालवून घाला, त्याहून जास्त पाणी नको.

आता वाळवणं. ओटीजीच्या (घरगुती विजेच्या ओव्हनच्या) ट्रेवर बटर पेपर पसरून त्यावर साखरेचा अगदी पातळ थर द्या. 80 ते 90 अंशांवर दहा मिनिटं ठेवा आणि दार बोटभर उघडं राहू द्या म्हणजे वाफ बाहेर जाईल. मध्ये एकदा हलवा. बाहेर काढल्यावर ती किंचित चिकट वाटेल, गार झाली की मोकळी होते. गुठळ्या तळव्यांमध्ये चोळून फोडा. थंडीत हेच काम पंख्याखाली चार-पाच तासांत होतं. ओव्हन नसेल तर जाड तवा चांगला तापवा, गॅस बंद करा, त्यावर स्टीलचं ताट ठेवून त्यात साखर पसरा. दोन-तीनदा असं केलं की वाळते.

साखर पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरू नका. कोमट भरली तर झाकणाला आतून बाष्प धरतं आणि वरचा थर दगड होतो.

स्वयंपाकघरातले रंग

बीट, हळद आणि गोकर्ण हे तीन मी वापरते, आणि तिघांचेही स्वभाव माहीत असावे लागतात. बिटाचा रस काढून साखरेत घातला तर साखर विरघळते, म्हणून बिटाच्या पातळ चकत्या मंद ओव्हनमध्ये कुरकुरीत वाळवून त्यांची मिक्सरमध्ये पूड करायची. ती वस्त्रगाळ करून 200 ग्रॅम साखरेला एक छोटा चमचा, सोबत लिंबाचे चार-पाच थेंब. लिंबानं गुलाबी टिकतो. तरीही ही साखर बेक करण्याआधी लावू नका, उष्णतेनं बिटाचा रंग तपकिरी पडतो.

हळद उष्णतेला टिकते, पण तिला सोडा चालत नाही. खायचा सोडा घातलेल्या नानकटाईवर पिवळी साखर लावली आणि जिथे दाणा ओला होऊन पिठाला चिकटला, तिथे लालसर ठिपके उठले, असं माझं एकदा झालं. हळदीला चुना लावून कुंकू करतात तसंच हे, हळदीला चुन्या-सोड्यासारखा क्षार लागला की ती लाल होते. बेकिंग पावडरवर केलेल्या बिस्किटावर हा त्रास फारसा होत नाही.

गोकर्णाची फुलं पाण्यात उकळली की गर्द निळा अर्क येतो. तो आटवून चमचाभर करायचा आणि त्यातला अर्धा छोटा चमचाच वापरायचा. लिंबाचा थेंब पडला की तोच निळा जांभळा होतो, म्हणजे एका अर्कात दोन रंग मिळतात. मुलांना हे करताना बघायला जरूर बोलवा.

बाजारचे रंग घेताना पाकिटावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) परवाना क्रमांक पाहा. आपल्याकडे खाण्यासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. आणि चकाकीची पावडर घेताना विशेष जपा. डबीवर 'विषारी नाही' असं लिहिलेलं असणं आणि 'खाण्यायोग्य' असं लिहिलेलं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं लिहिलेलं नसेल तर ती डबी हस्तकलेच्या खणात ठेवा, स्वयंपाकघरात नको.

साखर चिकटवायची कशी

साखर साधारण 186 अंशांना वितळते आणि नानकटाई, बिस्किटं आपण 160 ते 170 वर भाजतो, म्हणून रंगीत साखर भट्टीत टिकते. नानकटाईचा गोळा वळून झाला की माथ्यावर दुधाचा हलका ब्रश फिरवा, गोळा उलटा धरून बशीतल्या साखरेवर दाबा, सुलटा करून ट्रेमध्ये ठेवा. दूध पुसटसंच हवं. ओघळ दिसला म्हणजे जास्त झालं. खारी किंवा पफवर अंड्याचा पांढरा भाग थोड्या पाण्यात फेटून लावला की दाणा अधिक घट्ट बसतो.

भाजून झालेल्या मफिनला किंवा मावा केकला साखर लावायची असेल तर जॅम किंचित कोमट करून त्याचा पातळ हात द्या. बटरक्रीमवर साखर बरीच टिकते, कारण त्यात पाणी कमी आणि लोणी जास्त. चॉकलेट गनाशवरही (चॉकलेट आणि क्रीमच्या दाट थरावरही) टिकते. व्हिप्ड क्रीमवर मात्र केक कापायच्या दहा मिनिटं आधीच घाला. फ्रिजमधून काढलेल्या गार केकवर बाहेरची हवा लागली की दव जमतं, म्हणून आधी केक थोडा वेळ बाहेर राहू द्या, मग सजवा.

खडे साखर, म्हणजे पर्ल शुगर

स्वीडनमध्ये दालचिनीच्या बनवर शुभ्र, अपारदर्शक, भट्टीतही न विरघळणारे साखरेचे खडे असतात. तिकडे 4 ऑक्टोबरला त्या बनचा दिवसच साजरा होतो, 1999 पासून. बेल्जियमच्या लिएज वॉफलमध्येही असेच, पण मोठे खडे असतात. आपल्याकडे हे पाकीट महाग मिळतं आणि घरी करायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

एक कप साखर आणि तीन मोठे चमचे पाणी जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा आणि सतत हलवत राहा. आधी ती पातळ होते, मग फेसाळते, मग घट्ट होऊन ओल्या वाळूसारखी कढईच्या कडेला लागते. आच आणखी कमी करा. हलवण्याचा आवाज बदलतो. मऊ घसरण्याचा आवाज जाऊन खरखर ऐकू येते, आणि पांढरे खडे सुटे होऊ लागतात. लगेच कढई उतरवा. मिनिटभर उशीर झाला तर खालची साखर पिवळी पडते. हलवाई बुरा साखर करतात ती याच वाटेवरची, ते पुढे रगडून भुगा करतात आणि आपण खड्यांवर थांबतो. गार झालं की मोठे खडे बत्त्यानं हलकेच फोडा, जाड चाळणीनं चाळा, उरलेली पूड डब्यात भरून ठेवा.

खडीसाखर कुटून वापरता येते का, असं पुष्कळ जणी विचारतात. दिसते सुंदर, काचेसारखी. पण बिस्किट मऊ आणि वर दगड, असं दाताखाली येतं. मला ती फक्त मोठ्यांसाठीच्या कडक कुकीवर पटते.

स्प्रिंकल्स

बाजारच्या स्प्रिंकल्सपेक्षा घरचे दिसायला ओबडधोबड होतात, पण त्यांना व्हॅनिलाची, वेलचीची, अगदी केशराचीही चव देता येते. मला एवढं कारण पुरतं.

150 ग्रॅम साखर मिक्सरमध्ये एकदम बारीक करा, त्यात दीड छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घाला आणि मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळा. दुसरी चाळण टाळू नका, कारण एक जाड कण नोझलमध्ये अडकला की सगळी रेघ तुटते. बांधायला एका अंड्याचा पांढरा भाग, साधारण 30 ग्रॅम. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा अंडं न खाणारं कुणी असेल तर काबुली चणे शिजवलेलं पाणी घ्या. चणे मीठ न घालता शिजवायचे, पाणी गाळून अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाटसर होईपर्यंत आटवायचं, गार करायचं. त्याचे दोन मोठे चमचे एका पांढऱ्या भागाचं काम करतात. वास येतो, पण वाळल्यावर जातो.

साखरेत हे द्रव हळूहळू घाला आणि फेटा. चमचा उचलल्यावर मिश्रणाचं टोक उभं राहून किंचित वाकलं पाहिजे. टोक ताठ राहिलं तर थेंबभर पाणी, सपाट झालं तर चमचाभर पिठी साखर. आता वाट्यांमध्ये विभागून रंग घाला. रंगानं पुन्हा थोडं पातळ होतं हे लक्षात ठेवून मूळ मिश्रण जरा घट्टच ठेवा.

नोझल नसेल तर मेंदीचा कोन जसा करतो तसा जाड प्लॅस्टिकचा कोन करा. टोक अगदी बारीक, दीड मिलिमीटर. बटर पेपरवर लांबच लांब रेघा ओढा, हात न उचलता, कोन कागदापासून किंचित वर धरून. रेघ कागदावर टेकवत ओढली की चपटी होते, वरून सोडली की गोल राहते. मेंदी काढणाऱ्या मुलींना हे पहिल्या रेघेतच जमतं. थेंब हवे असतील तर टोक टेकवा, दाबा, दाब सोडा, मग उचला. दाब न सोडता उचललं तर शेपटी राहते. राहिलीच तर ओल्या बोटानं दाबून टाका.

कोरड्या हवेत चोवीस तास, दमट हवेत दोन दिवस. पावसाळ्यात मी ट्रे बंद ओव्हनमध्ये नुसता आतला दिवा लावून ठेवते. कागद वाकवल्यावर रेघ टक्क मोडली म्हणजे झालं. वाकली म्हणजे आत ओल आहे. मग हातानं तुकडे करा. हे स्प्रिंकल्स भाजून झालेल्या पदार्थावरच वापरा. केकच्या ओल्या मिश्रणात घातले तर विरघळून रंगाच्या रेषा उमटतात.

घाई असेल तर मुखवासातली रंगीत साखरेची बडीशेप चक्क कपकेकवर टाका. वेलचीच्या केकवर तर ती फारच छान लागते.

बटरस्कॉचचा चुरा

हे थोडक्यात, कारण चिक्की करणाऱ्या घराला यात नवीन काही नाही. 100 ग्रॅम साखर कोरड्या कढईत मंद आचेवर वितळू द्या, ढवळू नका, कढई फिरवा. मधाचा रंग आला की एक मोठा चमचा लोणी, तीन चमचे काजूचे तुकडे, आणि लगेच तूप लावलेल्या ताटावर. गार झाल्यावर पिशवीत घालून लाटण्यानं फोडा. वितळून गार झालेल्या साखरेला दाणा राहत नाही, ती काचेसारखी होते आणि साध्या साखरेपेक्षा किती तरी लवकर पाणी ओढते. त्यामुळे हा चुरा क्रीमवर तासाभरात चिकट होतो. आधीच सजवायचं असेल तर चुऱ्यावर थोडं वितळलेलं पांढरं चॉकलेट चोळून सेट करा. चॉकलेटच्या स्निग्धतेमुळे ओल आत जात नाही.

काटेरी हलवा

आता माझ्या जिव्हाळ्याचा प्रकार. परदेशी केकांवर साखरेचे बारीक गोल मणी दिसतात, ते एका बारीक बीजावर पाकाचे थर चढवून होतात. संक्रांतीचा हलवाही असाच होतो. फरक इतकाच, की त्यांना मणी गुळगुळीत हवा असतो आणि आपल्याला काटा हवा असतो.

मला हलवा आत्यानं शिकवला. पहाटे साडेपाचला शेगडीपाशी बसवून म्हणाली, "अगं, बोटं फिरव, दाबू नको. दाणा तुझ्या बोटाखाली नाही, बोटांमधून पळाला पाहिजे." 

पाकासाठी अर्धा किलो साखर आणि पाव लिटर पाणी. उकळी आली की एक चमचा दूध घाला, मळी वर येईल, ती काढून पाक फडक्यातून गाळा. बीज म्हणून दोन मोठे चमचे बारीक साबुदाणा, किंवा अगदी लहान मणी हवे असतील तर एक छोटा चमचा खसखस. साबुदाणा किंचित भाजून घ्या, रंग बदलू देऊ नका.

जाड पितळी किंवा स्टीलची परात अगदी मंद आचेवर ठेवा. परात हाताला सोसेल एवढीच गरम हवी. त्यात बीज घाला, वर एक छोटा चमचा पाक सोडा आणि बोटांनी गोल फिरवत राहा. आधी दाणे ओले आणि जड लागतात, एकमेकांना धरतात. मग एकेक सुटतो, परातीत सुळसुळ आवाज होतो आणि दाण्यावर पिठूळ पांढरी छटा येते. तो आवाज आल्याशिवाय पुढचा चमचा सोडायचा नाही. पहिले पंधरा-वीस चमचे पाक जरा पातळ, एकतारीच्या अलीकडचा ठेवा, त्यानं दाणा गोल होतो. पुढे एकतारी पाक, आणि चमचा अर्धाच. थोडा आणि दाट पाक दाण्यावर पसरायच्या आत, जिथे उंचवटा आहे तिथेच गोठतो. पुढचा थेंब पुन्हा त्याच उंचवट्यावर बसतो. काटा असा वाढतो. पाक जास्त पडला की तो खळग्यांतही भरतो आणि काटा बुजतो.

परातीच्या तळाशी साखरेची पूड साचते. दर अर्ध्या तासानं दाणे चाळून घ्या, परात ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा. पूड राहिली तर तिचे वेगळे गोळे होतात आणि हलवा मळका दिसतो. पाक दाटत गेला तर चमचाभर पाणी घालून गरम करा. रंग हवा असेल तर शेवटच्या आठ-दहा चमच्यांत घाला, म्हणजे आतला पांढरा काट्याच्या टोकांतून उजळतो.

एका बैठकीत हे होत नाही. रोज दीड-दोन तास असे तीन दिवस धरा. रात्री दाणे पातळ कापडाखाली उघडे ठेवा. जानेवारीची कोरडी थंड पहाट यासाठी सर्वांत चांगली, कारण पाक लवकर सुकतो. मणी गुळगुळीतच हवे असतील तर सगळे थर पातळ पाकाचे द्या आणि शेवटी आच बंद करून परात नुसती हलवत राहा, दाणे एकमेकांवर घासून चकाकी येते.

तयार हलवा कोरड्या काचेच्या बरणीत ठेवा, सोबत भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी टाका. डबा हलवून हलवून दाखवू नका, काटे मोडतात.

मागच्या संक्रांतीला भाचीच्या मुलाचं बोरन्हाण होतं. सगळ्यांनी काळं नेसलेलं, बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने. केक गडद चॉकलेटचा केला, वर गनाश ओतून तो पूर्ण सेट होऊ दिला. बोट लावल्यावर ठसा उमटत नाही इतका. मग चिमट्यानं एकेक पांढरा दाणा ठेवत काठाला हार, मध्ये बिंदी आणि खाली दोन बाजूबंद काढले. काळ्या कापडावरच्या दागिन्यांसारखं दिसलं ते. हलवा केकवर ठेवायची वेळ पाहुणे यायच्या अर्धा तास आधीची, आणि सजवलेला केक पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. चार वर्षांखालच्या मुलांच्या तुकड्यावरचे दाणे आठवणीनं काढून घ्या, कडक गोल दाणा त्यांच्या घशात अडकू शकतो. आम्ही बाळाच्या वाटणीचा हलवा काढून त्याच्या आजीच्या तळहातावर दिला.